सीबायोपोर्टलवर फुप्फुसाचा कर्करोग : जनुकांची नियामक विकरे शोधताना

कर्करोगाच्या हजारो गाठींमधील जनुकीय बदल कोणालाही घरबसल्या, विनामूल्य आणि खाते न उघडता पाहता यावेत यासाठी चालवले जाणारे सीबायोपोर्टल हे संकेतस्थळ न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रात आकाराला आले आणि २०१२ मध्ये त्याची ओळख करून देणारा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. आज त्याच्या देखभालीत इतर संस्थाही सहभागी आहेत आणि त्याची आज्ञावली मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. या सेवेविषयी सर्वसाधारण कौतुक बरेच ऐकायला मिळते. मी मात्र एकच प्रश्न हाती धरून तिची पारख केली : जनुके चालू-बंद करणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, फुप्फुसाच्या कर्करोगाच्या वाढीवर कसा परिणाम करतात, हे समजून घ्यायला या संकेतस्थळाचा कितपत उपयोग होतो? उत्तर अर्धे समाधानाचे आणि अर्धे सावधगिरीचे आहे, आणि ही सावधगिरी पडद्यावर कोठेही ठळकपणे सांगितलेली नसल्यामुळे ती येथे जरा सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते.

आधी विषयाची थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. एका पेशीतील डीएनए उलगडून सरळ केला तर त्याची लांबी सुमारे दोन मीटर भरते. तो केंद्रकात मावतो याचे कारण तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या गुंडीभोवती, दर गुंडीला सुमारे १४७ अक्षरजोड्या या हिशेबाने, गुंडाळलेला असतो. कोणते जनुक वाचले जाणार आणि कोणते गप्प राहणार, हे पुष्कळ अंशी या गुंडाळीच्या घट्टपणावर ठरते. हिस्टोनच्या शेपटांवर मिथाइल किंवा अ‍ॅसिटिल गटाची खूण लावणारी विकरे, ती खूण पुसणारी विकरे, थेट डीएनएवर मिथाइल गट चढवणारी विकरे आणि ऊर्जा खर्चून गुंडीच सरकवणारी विकरे, असे हे मोठे कुटुंब आहे. डीएनएची अक्षरे जशीच्या तशी राहूनही यांच्या कामामुळे पेशीची वागणूक पार बदलू शकते. हे वाक्य लक्षात ठेवावे, कारण सीबायोपोर्टलची सगळी मर्यादा त्यातच दडलेली आहे.

संकेतस्थळ वापरायला सुरुवात सोपी आहे. मुखपृष्ठावर अभ्याससंच निवडायचा, चौकटीत जनुकांची नावे रोमन लिपीत टाकायची आणि कळ दाबायची. काही क्षणांत ऑन्कोप्रिंट नावाचा तक्ता उघडतो. त्यात प्रत्येक उभी पट्टी म्हणजे एक गाठ आणि प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक जनुक. एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरे आले असेल तर हिरवी खूण, प्रथिन मध्येच तुटत असेल तर काळी, जनुकाच्या प्रती वाढल्या असतील तर लाल आणि जनुकाच्या दोन्ही प्रती गळून पडल्या असतील तर निळी. हा तक्ता रचणाऱ्यांच्या दृष्टीला दाद द्यावी तेवढी थोडीच आहे, कारण दोनशे-पाचशे गाठींचे चित्र एका नजरेत येते आणि तरीही एकेका गाठीपर्यंत पोचता येते.

फुप्फुसाच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमाचा, म्हणजे ग्रंथीसदृश पेशींच्या कर्करोगाचा, टीसीजीए (द कॅन्सर जीनोम अ‍ॅटलस) या अमेरिकी प्रकल्पातील २३० गाठींचा संच, ज्यावरील निबंध २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, तो मी प्रथम उघडला. त्या निबंधात पेशीला वाढीचा आदेश देणाऱ्या दोन जनुकांपैकी केरासमधील उत्परिवर्तने, म्हणजे अक्षरांतील बदल, ३३ टक्के आणि ईजीएफआरमधील १४ टक्के गाठींत नोंदली आहेत, आणि त्यांच्या मागोमाग आपल्या विषयाची मंडळी येतात : सेटडी२ नऊ टक्के, एआरआयडी१ए सात टक्के, स्मार्का४ सहा टक्के. यांपैकी सेटडी२ हे एच३ नावाच्या हिस्टोनच्या ३६ व्या जागेवरील लायसिन या अमिनो आम्लाला तिसरा मिथाइल गट लावणारे विकर आहे. स्मार्का४ हे गुंडी सरकवणाऱ्या यंत्रणेचे इंजिन आहे. एआरआयडी१ए स्वतः विकर नसून त्याच यंत्रणेचा एक भाग आहे. स्क्वॅमस, म्हणजे चपट्या पेशींच्या, प्रकाराच्या १७८ गाठींच्या २०१२ मधील संचाकडे वळले की आणखी एक नाव पुढे येते : केएमटी२डी, त्या निबंधात वापरलेले जुने नाव एमएलएल२, २० टक्के गाठींत बदललेले. जनुक चालू करणाऱ्या दूरस्थ प्रदेशांवर, ज्यांना एन्हान्सर म्हणतात, एच३ च्या चौथ्या लायसिनवर एक मिथाइल गट लावणे हे या विकराचे काम. एवढी माहिती पाच मिनिटांत, स्वतःच्या डोळ्यांनी, मूळ गाठींच्या नोंदींसह मिळते, ही या सेवेची खरी कमाई आहे.

त्याहून मोलाचा आहे तो उत्परिवर्तनांचा लॉलीपॉप आलेख. प्रथिनाची लांबी आडव्या पट्टीने दाखवून प्रत्येक बदलाच्या जागी एक काडी आणि तिच्या टोकाला एक गोळी असे हे चित्र असते. केराससाठी ते काढले तर जवळपास सगळ्या काड्या बाराव्या जागेवर उभ्या राहिलेल्या दिसतात, कारण तेथला बदल प्रथिनाला सतत चालू ठेवतो आणि इतर बहुतेक ठिकाणच्या बदलाने ते साधत नाही. स्मार्का४ किंवा सेटडी२ साठी काढले तर काळ्या गोळ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत विखुरलेल्या असतात. प्रथिन कोठेही तोडले तरी कर्करोगाचा कार्यभाग साधतो, असा त्याचा अर्थ. म्हणजे ही विकरे फुप्फुसाच्या पेशीत मुळात लगाम म्हणून काम करतात. उंदरांवरील प्रयोगांनीही हेच दाखवले : केरासमुळे उद्भवलेल्या फुप्फुसाच्या गाठींत सेटडी२ काढून टाकले की त्या अधिक वेगाने मोठ्या होतात. केएमटी२डीच्या बाबतीत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामाने कारणाची एक कडी जोडली. ते विकर नाहीसे झाले की दैनंदिन घड्याळाशी संबंधित पीईआर२ या जनुकाचे वाचन मंदावते, त्याने अडवून धरलेली साखर जाळणारी जनुके मोकळी होतात आणि गाठ ग्लुकोजवर पोसली जाते. ही कडी अर्थातच संकेतस्थळावर दिसत नाही. लॉलीपॉपचे विखुरलेपण पाहून ‘हा लगाम आहे’ एवढा अंदाज मात्र नवशिक्यालाही बांधता येतो.

येथे पहिली सावधगिरी. केएमटी२डी हे ५,५३७ अमिनो आम्लांचे अवाढव्य प्रथिन आहे, तर केरास दोनशेच्याही आतले. धूम्रपानामुळे झालेल्या फुप्फुसाच्या गाठीत हजारो बदल डीएनएभर सांडलेले असतात आणि लांब जनुकावर ते योगायोगानेच जास्त पडतात. याची खात्री करून घ्यायची असेल तर चौकटीत टीटीएन, म्हणजे टायटिन या स्नायूंतील प्रथिनाचे नाव टाकून पाहावे. सुमारे ३४ हजार अमिनो आम्लांच्या या प्रथिनाचा फुप्फुसाच्या कर्करोगाशी संबंध जोडायला काही आधार नाही, तरी त्याची ओळ हिरव्या खुणांनी भरून जाते. मी तर असे सुचवीन की कोणीही या संकेतस्थळावर पहिला तास टायटिनसोबतच घालवावा. त्यानंतर ‘अमुक विकर इतक्या टक्के गाठींत बदललेले आहे’ या वाक्याचा मोह आपोआप कमी होतो. संकेतस्थळाने यावर उपाय केलेला आहे : ज्ञात आणि परिणामकारक समजले जाणारे बदल गडद रंगात आणि अर्थ न लागलेले फिक्या रंगात दाखवले जातात, आणि फिके लपवण्याची सोयही आहे. ती सोय वापरावी. मात्र गडद-फिक्याची ही निवड आधी अभ्यासल्या गेलेल्या जनुकांच्या बाजूने झुकलेली असणार, हेही ओळखून असावे. कमी अभ्यासल्या गेलेल्या विकरातील खरोखर घातक बदलही फिका दिसू शकतो.

हाच दोष परस्परसंबंधांच्या तक्त्यात दुसऱ्या रूपाने येतो. दोन जनुके एकाच गाठीत वारंवार बदललेली दिसली की ‘सहअस्तित्व’ असा शेरा पुढे येतो. परंतु दोन्ही जनुके लांब असतील आणि गाठच बदलांनी ओथंबलेली असेल, तर त्या सहअस्तित्वात जीवशास्त्र किती आणि गर्दी किती, हे तो तक्ता वेगळे करून सांगत नाही. केरास आणि ईजीएफआर एकमेकांना टाळतात हे तेथे स्वच्छ दिसते आणि ते खरे आहे. विकरांच्या बाबतीत मी त्या तक्त्यावर एकट्यावर विसंबणार नाही.

आता या परीक्षणाच्या गाभ्याकडे येतो. जनुके गप्प करणाऱ्या विकरांत ईझेडएच२ हे बहुधा सर्वांत अधिक अभ्यासले गेलेले नाव. पीआरसी२ या प्रथिनांच्या संकुलात बसून ते एच३ च्या २७ व्या लायसिनवर मिथाइल गट लावते आणि तेथील जनुकाला कुलूप घालते. या विकराचे नाव फुप्फुसाच्या संचांत टाकले की ऑन्कोप्रिंटची ओळ जवळजवळ राखाडी, म्हणजे निर्विकार, दिसते. लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका पेशींच्या कर्करोगाच्या, संचांत मात्र एका ठरावीक टायरोसिन या अमिनो आम्लावर काड्यांची दाटी होते (जुन्या निबंधांत तिची जागा ६४१ आणि नव्या क्रमांकनात ६४६ असते, दोन्ही एकच, घाबरू नये). फुप्फुसाच्या त्या राखाडी ओळीकडे पाहून नवा वाचक सहज निष्कर्ष काढेल की येथे या विकराचे काही काम नाही. तो निष्कर्ष साफ चुकीचा आहे. स्मॉल सेल (लहान पेशींच्या) प्रकारात, केमोथेरपीला दाद न देणाऱ्या गाठींत ईझेडएच२ हे एसएलएफएन११ या जनुकाला कुलूप घालते आणि डीएनएवर घाव घालणारी औषधे निष्प्रभ होतात, असे २०१७ मध्ये दाखवले गेले. त्याआधी २०१५ मध्ये आणखी चमत्कारिक गोष्ट समोर आली होती : ईझेडएच२ ला रोखले असता स्मार्का४ किंवा ईजीएफआर बदललेल्या फुप्फुसाच्या गाठी टोपोआयसोमरेझ-२ या डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या विकरावर मारा करणाऱ्या औषधाला अधिक बळी पडतात, तर ज्यांत हे दोन्ही शाबूत आहेत त्या उलट अधिक चिवट होतात. एकच विकर, एकच अवयव, आणि परिणाम दोन टोकांचे. या सगळ्या नाट्यात ईझेडएच२ चे एकही अक्षर बदललेले नाही.

अक्षर बदलले नसेल तर प्रमाण पाहावे, आणि त्यासाठी संकेतस्थळावर अभिव्यक्तीची, म्हणजे जनुक किती वाचले जाते याची, आकडेवारी आहे. येथे दुसरी सावधगिरी, आणि माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची. पडद्यावर ‘अभिव्यक्ती वाढलेली’ असे जे दिसते, ते बहुतेक वेळा त्याच संचातील इतर गाठींच्या तुलनेत वाढलेली असते; निरोगी फुप्फुसाच्या तुलनेत नव्हे. समजा एखादे विकर सर्वच गाठींत निरोगी ऊतीपेक्षा खूप जास्त आहे, तर या मोजपट्टीवर निम्म्या गाठींत ते ‘कमी’ निघेल. काही संचांत निरोगी ऊतीशी तुलना करणारा पर्यायही दिलेला असतो, पण तो आपण होऊन निवडावा लागतो. माझा स्वतःचा पहिला आलेख याच कारणाने फुकट गेला होता, आणि दोष सर्वस्वी घाईचा होता.

सहअभिव्यक्तीच्या पानावर ईझेडएच२ सोबत वर-खाली होणाऱ्या जनुकांची यादी मिळते आणि ती यादी वाचण्यासारखी असते, कारण तिच्या वरच्या टोकाला पेशीविभाजनाची जनुके गर्दी करून असतात. यावरून ‘ईझेडएच२ वाढले म्हणून पेशी भराभर विभागू लागल्या’ असे म्हणावेसे वाटते. परंतु ईझेडएच२ चे जनुक ई२एफ या जनुके चालू करणाऱ्या प्रथिनांच्या हुकमतीखाली आहे आणि ई२एफ मोकळे सुटतात ते पेशी विभाजनाला निघाल्यावर. म्हणजे बाण उलट्या दिशेचाही असू शकतो. स्मॉल सेल प्रकारात तर ई२एफला आवरणारे आरबी१ हे जनुकच जवळजवळ प्रत्येक गाठीत मोडलेले असते. जर्मनीतील कोलोन विद्यापीठाच्या संशोधकांच्या पुढाकाराने २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला ११० गाठींचा संच उघडला की टीपी५३ (कर्करोग आवरणारे आणखी एक जनुक) आणि आरबी१ या दोन ओळी एकामागून एक भरलेल्या दिसतात. तेथे ईझेडएच२ चे प्रमाण चढे असण्यात नवल ते काय? त्याच संचात क्रेबबीपी आणि ईपी३०० या अ‍ॅसिटिल गट लावणाऱ्या दोन विकरांतील बदलही पाहायला मिळतात, आणि ते या तक्त्यावर वाचायला कितीतरी सरळ आहेत, कारण तेथे अक्षरेच बिघडलेली आहेत.

डीएनएवरील मिथाइल खुणांविषयी संकेतस्थळ काहीच सांगत नाही असे नाही. टीसीजीएच्या काही संचांत मिथाइलीकरणाची मोजमापे आहेत आणि आलेखांच्या पानावर एका अक्षावर मिथाइलीकरण, दुसऱ्यावर अभिव्यक्ती घेऊन ठिपके मांडता येतात. सीडीकेएन२ए, म्हणजे पी१६, हा लगाम फुप्फुसाच्या कर्करोगात बऱ्याचदा अशाच मिथाइल गटांनी बंद केला जातो आणि ही घटना रोगाच्या अगदी आरंभीच्या टप्प्यांतही आढळते, हे १९९८ पासून माहीत आहे. म्हणून हा आलेख काढण्याचा मोह सर्वांना होतो. मात्र साहाय्य-पानाच्या आत दडलेली एक ओळ वाचल्याशिवाय तो काढू नये. एका जनुकावर मिथाइलीकरण मोजणाऱ्या अनेक जागा असतात आणि संकेतस्थळ त्यांतली एकच दाखवते. ती जागा निवडण्याचा निकष असा, की जिचा अभिव्यक्तीशी सर्वांत तीव्र उलटा संबंध दिसतो ती! म्हणजे परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांनाच वर्गात बसवायचे आणि मग वर्गाचा निकाल शंभर टक्के म्हणून सांगायचे, त्यातला हा प्रकार झाला. मिथाइलीकरण वाढले की अभिव्यक्ती घटते, असा सुरेख उतार प्रत्येक वेळी मिळाला तर त्यात जनुकाचे श्रेय किती आणि निवडीचे किती, हे त्या चित्रावरून ठरवता येत नाही. हा निकष लपवलेला नाही, हे मान्य. पण तो आलेखाच्या शेजारीच छापायला हवा.

हिस्टोनवरील खुणा, ज्या या विकरांचे प्रत्यक्ष काम आहेत, त्या तर या संकेतस्थळावर दिसतच नाहीत. याची किंमत काय, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगावरून कळते. ईजीएफआर बदललेल्या पीसी९ या फुप्फुसाच्या पेशींवर त्या बदलाला लक्ष्य करणारे औषध भरपूर मात्रेत सोडले असता जवळजवळ सर्व पेशी मेल्या, पण अगदी थोड्या तग धरून राहिल्या. त्यांना औषधाशिवाय वाढू दिले की त्यांची पुढची पिढी पुन्हा पूर्वीसारखी औषधाला बळी पडू लागली; म्हणजे हा चिवटपणा उत्परिवर्तनाचा नव्हता. त्यामागे केडीएम५ए हे हिस्टोनवरील मिथाइल खूण पुसणारे विकर असल्याचे आढळले. अशा पेशींची गाठ सीबायोपोर्टलवर उघडली तर ईजीएफआरची ओळ रंगेल आणि केडीएम५एची कोरी राहील. शिवाय येथील बहुतेक अभिव्यक्तीचे आकडे अख्ख्या तुकड्याचे आहेत; त्यात कर्कपेशींबरोबर रोगप्रतिकारक पेशी आणि आधार-ऊती मिसळलेल्या असतात, आणि हजारांत दोन-चार पेशींची कथा त्या सरासरीत बुडून जाते.

उरलेल्या सोयींविषयी थोडक्यात. जगण्याच्या कालावधीचे आलेख झटपट निघतात, म्हणूनच ते दहा वेळा वेगवेगळ्या सीमारेषा घेऊन काढून मनासारखा निवडण्याचा धोका असतो. एकाच टीसीजीए प्रकल्पाच्या दोन-तीन आवृत्त्या यादीत शेजारी शेजारी आहेत. सगळ्या निवडल्या तर तेच रुग्ण पुन्हा मोजले जातात. संकेतस्थळ तसा इशारा देते, तो ओलांडून पुढे जाऊ नये. आकडे उतरवून घेण्याची सोय उत्तम आहे. लहान पडद्यावर ऑन्कोप्रिंट वाचणे कठीण जाते. आणि ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनी आपल्या अहवालातील विकराचे नाव येथे टाकून उपचाराचा अंदाज बांधू नये. या कुटुंबावर काम करणारी औषधे अस्तित्वात आहेत हे खरे, परंतु व्होरिनोस्टॅटला २००६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली ती त्वचेच्या लिम्फोमासाठी आणि ईझेडएच२ रोखणाऱ्या टॅझेमेटोस्टॅटला २०२० मध्ये मिळाली ती एका विरळ सार्कोमासाठी (आधार-ऊतींच्या कर्करोगासाठी) आणि फॉलिक्युलर लिम्फोमासाठी. फुप्फुसाच्या प्रगत कर्करोगात अ‍ॅझासायटिडीन आणि एन्टिनोस्टॅट ही अशाच दोन औषधांची जोडी ४५ रुग्णांना देऊन पाहिली गेली, तिचे निष्कर्ष २०११ मध्ये आले, आणि त्यात एका रुग्णाची गाठ पूर्ण व एकाची अंशतः विरघळली. आशेला जागा आहे, पण सर्वांसाठी उपचार ठरावा एवढी ती मोठी नाही.

जीवशास्त्राच्या पदवीच्या वर्गात शिकवणाऱ्याने, विज्ञानलेखकाने आणि संशोधनाच्या उंबरठ्यावर असलेल्या विद्यार्थ्याने ही सेवा अवश्य वापरावी, अशी माझी शिफारस आहे. स्मार्का४, सेटडी२ आणि केएमटी२डी यांसारख्या बिघडून हरवणाऱ्या विकरांसाठी ती अप्रतिम आहे, तर ईझेडएच२ आणि केडीएम५ए यांसारख्या न बिघडता कामाला जुंपल्या जाणाऱ्या विकरांसाठी तोकडी. तिने एक सुधारणा करावी असे मला मनापासून वाटते. गुणसूत्राचा कोणता भाग उघडा आणि कोणता मिटलेला आहे याची मोजणी टीसीजीएच्याच ४१० गाठींत, २३ प्रकारच्या कर्करोगांमध्ये, २०१८ मध्ये झालेली आहे आणि तिचे आकडे सार्वजनिक आहेत. ती मोजणी ऑन्कोप्रिंटमध्ये त्याच गाठीच्या पट्टीखाली आणखी एक ओळ म्हणून आली, तर विकराचे नाव आणि त्याने केलेले काम एकाच पडद्यावर दिसेल. सध्या मी दोन खिडक्या शेजारी उघडून गाठींचे क्रमांक हाताने जुळवतो.